तळ्याकाठी घर शोधताना

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला तळ्याचे वेड लागायला वेळ लागत नाही. असरची नमाज झाली, वह्यांचा गठ्ठा तपासून झाला, की आम्ही दोघे अम्मींना घेऊन रंकाळ्यावर जायचो. अम्मी कठड्याला टेकून पाण्याकडे बघत बसायच्या आणि मगरीबच्या वेळेला उठताना दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या, "असं पाणी घराजवळ असतं तर..."

आम्ही दोघेही शिक्षक. एक उर्दू शिकवतो, दुसरी मराठी. अब्बा शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि कोल्हापूरचेच झाले. पण स्वतःचे घर काही झाले नाही. आम्हीही वीस वर्षे भाड्याच्या घरात काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा आमच्या घराच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली अब्बांची पुस्तके भिजली. २०२१ मध्ये पुन्हा तीच धावपळ. त्या वर्षी आम्ही ठरवले की आता आपले घर बघायचे.

निवृत्तीला आमची अजून बारा-तेरा वर्षे आहेत. पण शिक्षकाच्या पगारात घर निवृत्तीच्या दिवशी घेता येत नाही, आधीच घ्यावे लागते. शिवाय अम्मी आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची खाला, या दोघींना शहराचा गोंगाट सोसेनासा झाला होता. खाला एकट्याच होत्या. दोघींनी एकत्र राहावे, सुट्ट्यांत आम्ही जावे आणि पुढे आम्हीही तिथेच स्थायिक व्हावे, असा बेत होता.

जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर आम्ही यादी केली. पाणी जवळ हवे. शांतता हवी. तीस लाखांच्या आत बसायला हवे. मशीद आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर हवा. यादी अम्मींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सगळं लिहिलंत, शेजारी लिहिला नाहीत. अब्बा काय म्हणायचे? अल्-जार कब्लद्दार." आधी शेजारी बघा, मग घर, अशी ही जुनी अरबी म्हण आहे. आम्ही यादीच्या शेवटी 'शेजारी' असे लिहून टाकले. तो शब्द यादीच्या सुरुवातीला हवा होता, हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागले.

रंकाळा

सुरुवात अर्थातच रंकाळ्यापासून केली. जुन्या दगडाच्या खाणीत पाणी साठून हा तलाव झाला, असे सांगतात. काठावर १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस आहे, संध्यामठ आहे. तलावाच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत अपार्टमेंट उभी राहिली आहेत. पाचव्या मजल्यावरच्या एका गॅलरीतून अख्खा रंकाळा दिसत होता. पण किंमत आमच्या आकड्याच्या दुप्पट. एजंटने समजावले, "सर, निम्मे पैसे खिडकीचे आहेत." त्याचे म्हणणे खरेच होते. त्याच इमारतीत मागच्या बाजूचा फ्लॅट बराच स्वस्त होता. मात्र त्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. लांबून सुंदर दिसणारे पाणी जवळून तसेच असते असे नाही. शहरातल्या तलावात सांडपाणी मिसळते, त्यावर जलपर्णी वाढते, उन्हाळ्यात वास येतो, संध्याकाळी डास येतात. रंकाळ्याने हे सगळे सोसले आहे. म्हणून तळ्याकाठचे घर बघायचे तर एप्रिल-मे महिन्यात, संध्याकाळी सातला, खिडकी उघडून बघावे.

एका ठिकाणी बोलणे बरेच पुढे गेले होते. फोनवर किंमत ठरली, टोकन कधी द्यायचे हेही ठरले. मग त्यांनी पूर्ण नाव विचारले. आम्ही सांगितले. दोन दिवसांनी निरोप आला की घरमालकांचा विचार बदलला आहे. हा अनुभव आमच्या वाचकांपैकी अनेकांना नवा नसेल. आम्ही त्यावर फार बोललो नाही. पण त्यानंतर कुठेही गेलो तरी आधी पूर्ण नाव सांगायचे आणि मग घर बघायचे, असा नियम केला. त्यामुळे वेळ वाचला आणि मनस्तापही.

धामापूर

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात उतरलो. अम्मींचे माहेर तिकडचे. मालवण आणि कुडाळ यांच्या दरम्यान धामापूरचा तलाव आहे. विजयनगरच्या राजांचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये तो बांधला. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेल्या टेकड्या, मध्ये निळे-हिरवे पाणी आणि काठावर भगवती देवीचे मंदिर. पाच शतके हा तलाव खालच्या शेतीला पाणी पुरवतो आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. शांतता म्हणाल तर अशी की माडाचे झाप खाली पडले तरी दचकायला होते.

आम्ही दोघे तिथे भारावून गेलो. एका दलालाने रस्त्यापासून आत एक जागा दाखवली. भाव कोल्हापूरच्या मानाने फारच कमी. आम्ही मनातल्या मनात घर बांधून मोकळे झालो.

मग सातबारा पाहिला. त्यावर तेवीस नावे होती. कोकणात हे सर्रास आढळते. आजोबा-पणजोबांची जमीन वारसांत वाटलीच जात नाही. कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणाचा पत्ताच नाही. एकाने विकली म्हणून बाकीच्या बावीस जणांचा हक्क जात नाही. शिवाय ती जागा शेतजमीन होती. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. "घ्या हो, एनए नंतर करू," असे दलाल सहज म्हणतो. ते 'नंतर' आपल्या हयातीत येईलच असे नाही. रस्त्यापासून जागेपर्यंतची वाटही दुसऱ्याच्या बागेतून जात होती आणि तिची कागदावर कुठेच नोंद नव्हती.

तलावाशेजारच्या जागेला आणखी एक बंधन असू शकते. २०१७ च्या नियमांप्रमाणे पाणथळ म्हणून अधिसूचित केलेल्या तळ्याच्या गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा पाहावी लागते. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. कोल्हापूरकरांना हे आता तोंडपाठ आहे. पण तळे दिसले की तोंडपाठ असलेलेही विसरायला होते.

कागद बाजूला ठेवले तरी अम्मींचा एक प्रश्न उरलाच. बांधावर बसून त्या खालाला म्हणाल्या, "रात्री दोन वाजता तुझ्या छातीत दुखलं, तर मी हाक कुणाला मारू?" आम्ही चौघांनी आजूबाजूला पाहिले. सर्वात जवळचे घर झाडीपलीकडे होते आणि त्याला कुलूप होते. घरचे लोक मुंबईला. शांतता विकत घ्यायला आलो होतो, पण तिथे दोन म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याला नुसते एकटेपण आले असते.

सावंतवाडी

तिसरे ठिकाण आमच्या यादीत नव्हतेच. परत जाताना आंबोली घाट चढण्याआधी सावंतवाडीला जेवायला थांबलो. एसटी स्टँडवरून चालत मोती तलावावर आलो आणि अम्मी कठड्यावर बसल्या, अगदी रंकाळ्यावर बसायच्या तशाच.

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. राजवाडा खेम सावंत तिसरे यांच्या काळातला, अठराव्या शतकातला. त्याच्यासमोरचा मोती तलाव १८७४ मध्ये बांधला गेला. राजवाड्यात आजही गंजिफा रंगवल्या जातात. शब्द फारसी, पत्ते गोल आणि त्यांच्यावर विष्णूचे दहा अवतार. उर्दू शिकवणाऱ्याला आणि मराठी शिकवणारीला एकाच वेळी आनंद व्हावा अशी ती वस्तू. चितार आळीत लाकडी फळे आणि खेळणी. मुंबई-गोवा महामार्ग आता झारापहून शहराला वळसा घालून जात असल्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांचा गोंगाट कमी झाला आहे. उपजिल्हा रुग्णालय शहरातच आहे. कोकण रेल्वेचे स्टेशन गावाबाहेर असले तरी रिक्षा मिळते. मशिदी आहेत, मुस्लिम वस्ती जुनी आहे, कब्रस्तान आहे. कब्रस्तानाची चौकशी अम्मींनी स्वतः केली. आम्हाला ते बरे वाटले नाही. त्या म्हणाल्या, "घर बघताना हेही बघतात."

तलावाच्या अगदी समोर जुनी घरे क्वचितच विकायला निघतात आणि निघाली तरी भाव चढा. २०२३ मध्ये गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून या भागातल्या जमिनींवर बाहेरच्या गुंतवणूकदारांचीही नजर आहे. पण तलावापासून दहा-बारा मिनिटे आत चालत गेले की भाव उतरतो. अशाच एका गल्लीत दोन खोल्या, पडवी, मागे विहीर आणि एक फणस एवढे जांभ्याच्या दगडाचे कौलारू घर आम्हाला मिळाले. घरातून तलाव दिसत नव्हता. आम्ही जरा हिरमुसलो होतो. अम्मी मात्र फणसाखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

या वेळी आम्ही घाई केली नाही. विहिरीत वाकून पाहत होतो तेव्हा शेजारचे आजोबा गडग्यापलीकडून म्हणाले, "पाणी बघूचा आसात तर मे म्हयन्यात येवा. पावसात काय, सगळीकडेच पाणी आसता." विकणाऱ्याच्या शेजाऱ्याने एवढे खरे सांगावे, तिथेच आमचे निम्मे काम झाले.

आम्ही मे महिन्यात गेलो. विहिरीला गुडघाभर पाणी होते, नगरपरिषदेचा नळ दिवसातून एकदा येत होता. दोन माणसांना पुरेल एवढे. मग जुलैत गेलो. आंबोलीचा पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांपैकी एक आणि सावंतवाडी त्याच्या पायथ्याशी. भिंतीला कुठे ओल येते, वाशांना वाळवी आहे का, अंगणातले पाणी कुठे जाते, हे जुलैत न विचारता कळते. दोन वासे बदलावे लागणार होते. तो खर्च आम्ही किमतीतून वजा करून घेतला. तिसऱ्यांदा गणेशोत्सवात गेलो. गल्लीचा खरा स्वभाव सणात दिसतो.

आजारांचीही माहिती घेतली. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोची भीती असते. चिखलात, शेतात उघड्या पायांनी जायचे नाही. सावंतवाडी-दोडामार्ग भागात २०१६-१७ च्या सुमारास माकडतापाचे रुग्ण आढळले होते. जंगलात जाताना काळजी घ्यावी लागते. मोठे दुखणे आले तर लोक अजूनही गोव्याला बांबोळीला नेतात, साठ-सत्तर किलोमीटर. ही अडचण आम्ही यादीत लाल शाईने लिहिली. ती आजही तिथेच आहे. सगळे मनासारखे असलेले घर आमच्या पैशांत कुठेच नव्हते.

शेजारी

गणेशोत्सवातल्या त्या भेटीत आम्ही शेजारच्या आजोबांच्या पडवीत बसलो. काकींनी करंज्या पुढे केल्या. आम्ही सरळच बोललो. "आमच्या दोन वयस्कर बायका इथे राहणार. घरात नमाज होईल, रमजानमध्ये पहाटे दिवे लागतील, ईदला पाहुणे येतील. तुम्हाला काही अडचण असेल तर आत्ताच सांगा. वाईट वाटणार नाही."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अडचण एकच. तुमची गाडी माझ्या गडग्याक टेकवून लावू नकात. गेल्या पावसात एकान पाडल्यान."

काकी हसल्या. अम्मीही हसल्या. बऱ्याच दिवसांत घराच्या बोलण्यात कुणी हसले नव्हते.

खरे सांगायचे तर गल्लीतल्या सगळ्याच दारांनी आमचे असे स्वागत केले नाही. एकाने "किती माणसं येणार?" असे दोनदा विचारले. एक दार आम्ही दिसलो की लागायचे. पण शेजारी म्हणजे सगळा गाव नव्हे. हाकेच्या अंतरावर एक घर आपले असले की माणूस राहू शकतो. आणि शेजाऱ्याचा हक्क हा काही फक्त समोरच्याने द्यायचा नसतो. आपल्या घरातली ताटली आधी कुणाकडे जाते, हेही त्यात येते.

पैसे आणि कागद

शहरातल्या घराला सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड असते. ते स्वच्छ होते, एकच नाव. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढला, घरपट्टी आणि वीजबिलाच्या थकबाकीचा दाखला घेतला. घर अम्मी आणि आमच्यातली एक, अशा दोघींच्या नावावर घेतले. आपल्या राज्यात एप्रिल २०२१ पासून महिलांच्या नावावर राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांहून जास्त नाही. अठ्ठावीस लाखांच्या घरात ती अठ्ठावीस हजारांची सवलत म्हणजे बदललेले दोन वासे.

व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे आधीच ठरले होते. पण ते ठरवणे सोपे आणि निभावणे अवघड असते. वीस वर्षांची बचत, शाळेतल्या सहकाऱ्यांची भिशी, लग्नातल्या बांगड्या आणि कुवेतमधल्या धाकट्या भावाकडून कर्ज-ए-हसना. भावाशी व्यवहार म्हणून तोंडी ठेवला नाही. देणे-घेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही कुरआनची ताकीद आहे. दर महिन्याला किती आणि किती वर्षे, ते दोन साक्षीदारांसमोर लिहिले. त्यामुळे भावाभावांतला गोडवा कमी झाला नाही, उलट टिकला.

तरीही शेवटी दोन लाख कमी पडत होते. अम्मींनी ट्रंकेतून हजसाठी साठवलेल्या पैशांचे पासबुक काढून पुढे ठेवले. आम्ही ते परत त्यांच्या हातात दिले. घरमालकांना मुदत मागितली. त्यांनी सहा महिने दिले, तेही काही जादा न घेता. ते पैसे आम्ही शिकवण्या घेऊन फेडले. अम्मींचे पासबुक जसेच्या तसे आहे. इन्शाअल्लाह, त्या जातील.

किल्ली

घर झाले तरी पहिला पावसाळा ते बंदच होते. कोकणातले बंद घर चार महिन्यांत कुजते. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला, चूल पेटवून आत धग द्यायला माणूस लागतो. आम्ही किल्ली काकींकडे दिली. जुलैतल्या एका रात्री फोन आला. वाऱ्याने चार कौले सरकली होती, आत गळत होते. काकींनी खाली भांडी लावली होती आणि मुलगा शिडी घेऊन वर चढला होता. घाट दरड कोसळून बंद होता, आम्ही जाऊ शकलो नाही. सकाळी फोटो आला. कौले जागेवर, पडवीत आमची भांडी उपडी घालून वाळत ठेवलेली. त्या दिवशी वाटले, घर आता आपले झाले.

दिवाळीनंतर अम्मी आणि खाला तिथे राहायला गेल्या. बरोबर कोल्हापूरचा गूळ नेला होता, त्यातली पहिली ढेप काकींकडे गेली. डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा असरनंतर अम्मी चप्पल घालून दारात उभ्याच होत्या. तलावापर्यंत दहा मिनिटांची वाट. त्या दिवशी आम्हाला अर्धा तास लागला. पिठाच्या गिरणीवाल्याने हाक मारली, शाळेतून परतणाऱ्या दोन मुलींनी सलाम केला, फुलवाल्या बाईंनी खालाच्या गुडघ्याची चौकशी केली.

कठड्यावर बसल्यावर आम्ही म्हणालो, "अम्मी, घरातून तलाव दिसला असता तर आणखी बरं झालं असतं."

अम्मी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "नाही रे. दारातून दिसला असता तर मी दारातच बसून राहिले असते."

तुमच्यापैकी कुणी असे घर शोधत असेल, तर ते जरूर मिळो, आणि चांगल्या शेजारासह मिळो, हीच दुआ.